लिंबाला तिकीट

त्यांच्याकडून लिंबू घ्यायचं तर आधी रांगेत उभं राहावं लागे. मग पुढे दुसरं कोणी असो वा नसो.

“रांग कुठाय?” असं एकदा एका बाईंनी विचारलं. टेबलासमोर त्या एकट्याच होत्या.

“तुमच्यापासनंच सुरू हाय,” ते म्हणाले. “जरा मागं सरका. उतरणाऱ्यांना वाट द्या.”

बाईंनी मागे वळून पाहिलं. उतरणारं कोणी नव्हतं. तरी त्या दोन पावलं मागे सरकल्या. त्या आवाजात असं काही होतं की माणूस आधी सरकत असे आणि मग विचार करत असे.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण मी ते कधी तोंडाने घेतलं नाही, म्हणून इथेही घेत नाही. बाजारात सगळे त्यांना कंडक्टर म्हणत, मी काका म्हणत असे. उभा जन्म एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर सिन्नरकडच्या आपल्या एकरभर रानात लिंबं, शेवगा आणि कढीपत्ता लावला आणि दर रविवारी सकाळी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला मैदानात जो शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे येऊन बसू लागले. नोकरी संपली होती ती सरकारच्या दृष्टीने. त्यांची गाडी चालूच होती.

शर्ट खाकीच. जुना झाला की तसंच कापड आणून नवा शिवायचे. टेबलावर लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे रबराने बांधून ठेवलेले असत. लाल तुकडा लिंबाचा, पिवळा शेवग्याचा. पिशवीत माल टाकला की तुकडा काढायचा, पंचने टक टक करून दोन भोकं पाडायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. पंच कुठून आला हे विचारायचं नाही. मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, “गाडीत सापडलेल्या वस्तूची मी कधी चौकशी करत नाय.”

लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची गंमत आहे. तुकडा हातात घेत, हसत, आणि पुढे टाकून देत. मग दहा वाजता कंडक्टर टेबलावरून उठत आणि मैदानाच्या गेटपाशी जाऊन उभे राहत. “तिकीट तपासणी,” असं म्हणून हातातली पिशवी थांबवत. ज्यांनी त्यांच्याकडून काहीच घेतलं नव्हतं, त्यांनाही सोडत नसत. एका साहेबांकडे लिंबं होती, तिकीट नव्हतं. त्यांनी खिसे उलटे केले, पिशवीतली मेथी बाहेर काढली, बायकोला फोन लावला. शेवटी तुकडा त्यांच्या चालण्याच्या बुटाला चिकटलेला सापडला. कंडक्टरांनी तो वाकून पाहिला, भोकं मोजली आणि म्हणाले, “चला. पुढच्या वेळी जपून ठेवा.” साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. ते कुठल्या तरी मोठ्या कंपनीत खूप वरचे होते, असं मला नंतर कळलं.

कढीपत्त्याला तिकीट नव्हतं. तो पासावर मिळे. सलग चार रविवार जो येईल त्याला पास, आणि पासावर कढीपत्ता फुकट. पण पासाला दोन फोटो लागत. लोक खरंच फोटो आणत. बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा फोटो घेऊन आले तर कंडक्टरांनी तो उन्हात धरून पाहिला आणि परत केला.

“कान दिसत नाय.”

“अहो, पासपोर्टला हाच चालला मला.”

“परदेशात जायला चालत असंल. कढीपत्त्याला नाय चालत.”

आजोबा पुढच्या रविवारी दोन्ही कान दिसतील असा नवा फोटो काढून आले. चार काड्या कढीपत्ता घेऊन असे ताठ चालत गेले की जणू बढती मिळाली.

भाव करणाऱ्याला ते एकच विचारत, “अर्धं तिकीट पायजे का? वय सांगा.” त्यावर बहुतेक लोक पूर्ण पैसे काढून देत. एकदा मात्र ते अडकले. तीन मैत्रिणी मिळून आल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, “काका, एसटीत आम्हा बायकांना अर्धंच तिकीट आहे. सरकारचाच नियम आहे. मग लिंबाला का नाही?”

कंडक्टर थांबले. सरकारी नियम त्यांना मोडता येत नव्हता. आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे बघत होते. त्यांनी एक लिंबू उचललं, सुरी घेतली, मधोमध कापलं, अर्धं बाईंच्या हातावर ठेवलं आणि तिकिटाला दोनऐवजी एकच भोक पाडलं.

“सवलत,” ते म्हणाले. “उरलेलं अर्धं मिस्टरांना पाठवा घ्यायला.”

टेबलाशेजारी एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल असे. त्यावर खडूने ‘राखीव’ लिहिलेलं. उन्हात थकलेलं माणूस बसायला गेलं की कंडक्टर म्हणत, “ती आमदारसाहेबांची सीट हाय. आले की उठावं लागंल.” आमदार कधी आले नाहीत, त्यामुळे म्हातारी माणसं निवांत बसत. एकदा मात्र एक नगरसेवक चार पोरं घेऊन बाजार बघायला आले आणि त्या स्टुलावर बसले. कंडक्टरांनी स्टुलाच्या कडेने वाकून अक्षरं पाहिली.

“साहेब, उठा. ही विधानसभेची सीट हाय.”

पोरं पुढे सरकली, पण नगरसेवक हसले. “मी पण लोकप्रतिनिधीच आहे की.”

“हायात ना. निवडून या आणि बसा. तवर उभ्यानं प्रवास करा.”

नगरसेवक उभे राहिले. जाताना दोन डझन लिंबं घेऊन गेले, रांगेत उभं राहून.

साडेअकराला कडुनिंबाच्या फांदीला बांधलेली घंटा एकदा वाजे आणि त्यांचा बाजार संपे. टेबलावर माल असला तरी. पैसे हातात धरून पळत आलेल्या माणसालाही ते देत नसत. “गाडी सुटली. पुढची रविवारी सात वाजता.” मी म्हणायचे, काका, लिंबं उरलीत, द्या की. ते म्हणायचे, “आज थांबलो तर उद्या लोक घरनं उशिरा निघतील.” आता त्यांच्या जागी अळंबी विकणारा बसतो आणि ते स्वतः मुलीकडे मालेगावला असतात. अळंबीवाला भला आहे, कोणीही मागितलं की देतो, भाव कमी करतो, बारापर्यंत बसतो. तरी त्याच्यापुढे रांग नसते.

मी त्यांच्या शेजारी कशी आले ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी पेठच्या पुढे डोंगरातली. आमच्या पाड्यावर सहा बायकांचा गट आहे. नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ, हातसडीचा तांदूळ आणि रानातल्या भाज्या असा आमचा माल. पूर्वी तो पेठ नाक्यावर एकदम देऊन टाकायचो. घेणारा बघायचासुद्धा नाही, टेम्पोत फेकायचा. मग या बाजारात गटाला एक टेबल मिळालं, आणि पहिल्यांदा लोक आमच्या नागलीला हात लावून बघू लागले, वास घेऊ लागले. गटात वाचता येणारी मीच, चौथी शिकलेली, म्हणून टेबल माझ्या गळ्यात पडलं. हिला पिशवीवरचं लेबल वाचता येतं, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलताही येत असेल, असं बाकीच्या पाचजणींना वाटलं. तसं नसतं, हेही मला त्यांना सांगता आलं नाही.

मी फक्त ‘हो’ म्हणत असे. हे गोड आहे का? हो. कडू असतं ना हे? हो. मधुमेहाला चालतं का? हो. वजन वाढवतं का? हो. मान वर न करता. कंडक्टर शेजारून ऐकत असत. एकदा एक पोरगी विचारून गेली, “ही भाजी विषारी तर नाही ना?” आणि मी हो म्हणाले. ती भाजी ठेवून निघून गेली. कंडक्टर तिकिटं मोजत म्हणाले, “एक पॅसेंजर वाचला.”

बाजार चालवणाऱ्या ताई कडक होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघा, इथे लोक नुसती भाजी घ्यायला येत नाहीत. पिकवणाऱ्याशी बोलायला येतात. बोर्डावर तसं लिहिलंय. जागेसाठी कितीजण थांबलेत. तुमच्या गटाची जागा तात्पुरती आहे. आषाढ लागेपर्यंत बघू, नाहीतर दुसऱ्यांना द्यावी लागेल.” मी त्यालाही हो म्हणाले.

जागा गेली असती तर सहा घरांची नागली परत टेम्पोत पडली असती. ते मला कळत होतं. पण कळलं म्हणून आवाज फुटत नाही.

कंडक्टरांनी हे ऐकलं होतं. ते म्हणाले, “पोरी, पेठच्या गाडीवर मी लय वर्सं काढली. तुझ्या रस्त्याचं खड्डे मला पाठ हायेत. तू थांबे म्हण बघू. पेठपासून.”

“पेठ,” मी म्हणाले.

“ही पेठ कोणाला ऐकू आली? डायव्हरला तरी आली का?”

तेव्हापासून दर रविवारी बाजार सुरू होण्याआधी, सातच्या आत, मला थांबे म्हणावे लागत. पेठ, करंजाळी, सावळघाट, चाचडगाव, आशेवाडी. ते डोळे मिटून ऐकत. “सावळघाटात झोपलेला माणूस जागा झाला पायजे. त्याचं गाव मागं राहिलं तर पाप तुला.” मी पुन्हा म्हणायचे. शेजारचा मधवाला हसायचा. माझा आवाज करंजाळीच्या पुढे काही जात नव्हता. घाटातच दम तोडायचा.

मग शेवळांचा रविवार आला.

पावसाच्या तोंडावर आमच्या रानात जमिनीतून शेवळांचे कोंब वर येतात. भाजी फार चवीची, पण नुसती खाल्ली की घसा असा खाजतो की पाणीही उतरत नाही. आतला पिवळा दांडा काढून टाकावा लागतो, आणि काकडं घालावी लागतात. काकडं म्हणजे रानातली बोराएवढी हिरवी, आंबट फळं. आमच्याकडे कोणी शेवळं दिली तर सोबत मूठभर काकडं देतात, सांगावंही लागत नाही. देणाऱ्यालाही माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. इथे देणारी मी होते आणि घेणारी शहरातली.

एक चष्मेवाल्या ताई आल्या. हातात छोटं पांढरं कुत्रं. “ही कोणती भाजी? शेपूसारखी कांद्यावर परतायची का?”

“हो,” मी म्हणाले.

“वा. आज जेवायला पाहुणे आहेत, काहीतरी वेगळं करायचंच होतं. पाच जुड्या द्या.”

मी पाच जुड्या दिल्या आणि काकडांची पुडी पुढे केली. त्यांना वाटलं, मी आणखी काही विकतेय. “नको नको, एवढंच पुरे,” म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या तोंडात सगळं होतं. काकडं म्हणजे काय, का घालायची, पिवळं का काढायचं. सगळं दातांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. पुडी हातात राहिली.

पुढचा कितीतरी वेळ मी त्या पुडीकडे बघत होते. कंडक्टरांपुढे तेव्हा चौघांची रांग होती. पंच करता करता ते म्हणाले, “काय झालं? घाटात ब्रेक फेल झाल्यासारखं तोंड केलंस.”

मी सांगितलं. सांगताना रडू आलं. किती लोक जेवायला येणार, सगळ्यांचे घसे धरणार, नंतर कोणी विचारलं की कोणाकडून आणली, तर आमचा गट. जागा आजच गेली.

त्यांनी पंच खाली ठेवला. मग फांदीवरची घंटा सोडून हातात घेतली.

“गाडी पंक्चर हाय,” ते रांगेला म्हणाले. “जागेवर उभं राहा. कोणी उतरू नका.” आणि निळं स्टूल उचलून माझ्या टेबलावर उलटं ठेवलं, म्हणजे माझंही टेबल राखीव झालं. “चल. ती कुत्रेवाली ना? ती टाकीमागं उतरते.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“कोण कुठं उतरतं ते कंडक्टरला ठाऊक असतंय. बिल्डिंग कंची ते मात्र नाय माहीत. तिथं चार हायेत.”

पाण्याच्या टाकीमागे उंच चार बिल्डिंगा, एकाच कुंपणात. वॉचमनने आडवं काठीचं फाटक धरलं. “भाजीवाल्यांना आत सोडत नाही.”

“आम्ही विकायला नाय आलो,” कंडक्टर म्हणाले. “विकलेली परत घ्यायला आलोय.”

वॉचमन विचारात पडला. असा प्रकार त्याच्या वहीत बसत नसावा. तो विचार करत होता तोवर आम्ही आत गेलो होतो.

पहिल्या बिल्डिंगीखाली उभं राहून कंडक्टरांनी घंटा वाजवली आणि माझ्याकडे बघितलं.

“काका, तुम्हीच ओरडा ना.”

“माल कोणाचा?”

“माझा.”

“मग आवाज बी तुझाच. माझ्या लिंबानं कोणाचा घसा धरला तर मी ओरडीन.”

मी म्हणाले, “ताई, शेवळं.” तेवढंच आलं. वरच्या ग्रिलवर दोन कबुतरं बसली होती, त्यांनी मानही हलवली नाही. “कबुतर बी उतरंना,” कंडक्टर म्हणाले आणि पुन्हा घंटा वाजवली. मी पुन्हा ओरडले. थोडं मोठ्याने. दुसऱ्या बिल्डिंगीखाली आणखी मोठ्याने. तिसऱ्या मजल्यावर बनियनमध्ये दात घासणारे एक गृहस्थ वाकून म्हणाले, “काय किलो?”

“विकायचं नाही,” मी वर मान करून म्हणाले. “निरोप आहे.”

हे मी म्हणाले, हे मला नंतर कळलं.

मग कसं झालं माहीत नाही. पाहुणे येऊन पानावर बसलेत असं मला दिसायला लागलं, आणि पोटातून आवाज आला. “शेवळं घेतलेल्या ताईऽऽ, खाऊ नकाऽऽ! काकडं राहिलीऽऽ!” दोन्ही कबुतरं उडाली. खिडक्या उघडल्या. चौथ्या बिल्डिंगीतून एक म्हाताऱ्या आजी बाल्कनीत आल्या आणि वरून म्हणाल्या, “चिंच पण घालतात गं त्यात.”

“घालतात आजी,” मी खालून ओरडले, “पण काकडं मिळाली तर चिंच थोडी लागते.”

“आणि पिवळं काढायचं.”

“तेच सांगायला आलेय. त्यांना सांगायचं राहिलं.”

“अगं बाई. मग ओरड, ओरड.”

सगळ्या बाल्कन्यांतले लोक आमचं ऐकत होते. कंडक्टर मधे उभे राहून कधी आजींकडे, कधी माझ्याकडे बघत होते, रेटून भरलेल्या गाडीत दोन बायकांचं सीटवरून चाललेलं ऐकावं तसे. आणि तेवढ्यात तिसऱ्या बिल्डिंगीच्या चौथ्या मजल्यावर त्या चष्मेवाल्या ताई आल्या. हातात भाजी ढवळायचा डाव होता. त्यांनी दुसरा हात गळ्याला लावला होता आणि नुसतीच मान हलवत होत्या. चव घेऊन बघितली होती त्यांनी.

वर गेलो. त्यांनी दार उघडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडून शब्द निघत नव्हता. मी स्वयंपाकघरात शिरले. त्याआधी आयुष्यात कधी मी परक्या माणसाच्या चुलीपाशी गेले नव्हते. आधी त्यांना चिंच-गूळ चघळायला दिला. कढई ओतून टाकली. दोन जुड्या अजून चिरायच्या राहिल्या होत्या, त्यांचे पिवळे दांडे काढले, काकडं ठेचली, आणि हे सगळं करत असताना मी बोलत होते. शेवळं कुठे उगवतात, कोण खणतं, माझी सासू कशी करते, सुका जवळा घातला तर कशी लागते, काकडाचं झाड केवढं असतं. थांबताच येईना. ताई गळा धरून ऐकत होत्या. त्यांचा घसा बसला होता आणि माझा सुटला होता. कंडक्टर बाहेर सोफ्याच्या कडेवर कुत्र्याशेजारी बसले होते. कुत्रं त्यांच्या घंटेकडे बघत होतं.

“भाजी कमी झाली पाहुण्यांना,” मी म्हणाले.

ताईंनी हाताने खूण केली, असू दे. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही बोलता की.”

परत आलो तेव्हा ती चौघांची रांग तशीच उभी होती. पाचवा येऊन मागे लागला होता.

पुढच्या रविवारी बाजाराच्या ताई सकाळीच माझ्या टेबलापाशी आल्या. हातात पत्र होतं. त्या बिल्डिंगींच्या सेक्रेटरींनी लिहिलं होतं. बाजारातली एक विक्रेती बाई रविवारी सकाळी आवारात शिरली, अत्यंत मोठ्या आवाजात आरडाओरडा केला, घंटा वाजवली, रहिवाशांची झोपमोड झाली, तरी अशा विक्रेत्यांना बाजारात जागा देऊ नये.

ताईंनी पत्र वाचलं आणि सरळ कंडक्टरांकडे पाहिलं. घंटा म्हटल्यावर दुसरं कोण. “काका, बरोबर कोणाला घेऊन गेला होता? कोण ओरडत होतं?”

जो माणूस प्रत्येक टेबलाचं उत्तर स्वतः द्यायचा, तो लिंबं पुसत बसला. एक लिंबू पुसून ठेवलं, दुसरं घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते एक शब्द बोलले असते तर मी वाचले असते. त्यांना तो बोलायचा नव्हता.

“मी,” मी म्हणाले.

“तुम्ही?” ताईंनी पत्र पुन्हा एकदा पाहिलं. “तुम्ही ओरडलात? अत्यंत मोठ्या आवाजात?”

“हो,” मी म्हणाले, आणि मग हो वर थांबले नाही. काय झालं, कसं झालं, काकडं का लागतात, न सांगता देणं ही माझीच चूक कशी, सगळं सांगितलं. पुडी उघडून त्यांच्या हातावर दोन काकडं ठेवली, एक चाखायला लावलं. त्यांचं तोंड आंबट झालं तरी मी सांगतच होते. एकदोन गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली, मग पाचसहा झाली. ताईंनी तीनदा “बरं” म्हटलं.

शेवटी त्यांनी पत्राची घडी घातली. “तुम्ही बोलत नाही म्हणून मी जागा काढणार होते,” त्या म्हणाल्या. “आता बोलता म्हणून काढली तर लोक मला हसतील. सेक्रेटरींना मी कळवते. पण परवानगी न घेता कोणाच्या आवारात जायचं नाही. आणि जागा अजून तात्पुरतीच आहे हं, दिवाळीपर्यंत बघू.”

त्या गेल्यावर कंडक्टरांनी हातातलं लिंबू खाली ठेवलं आणि म्हणाले, “आता हिला बंद कसं करायचं ते मला विचारायला येऊ नका म्हणावं.”

मी आठवडाभर त्यांच्यावर रागावले होते. ते गप्प का राहिले हे मला कळलं होतं, तरी रागावले होते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी साडेअकराला गाडी सुटायच्या आत त्यांनी खिशातून एक कागद काढला. मोठ्या वहीचा, समास सोडून लिहिलेला. बाजाराच्या ताईंना बोलावलं. मधवाला आला, इतर टेबलांवरचे आले, चष्मेवाल्या ताई शेवळं नसतानाही आल्या होत्या, त्या कुत्र्यासकट थांबल्या.

“अर्ज हाय,” कंडक्टर म्हणाले. “चष्मा घरी राहिला. पोरी, तू वाच.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी कागद घेतला. अक्षर गोल, तिकिटावर लिहावं तसं. मी एकेक शब्द जोडून वाचायला लागले. “विषय, जागा बदलून मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास…” इथे अडखळले. “अनुसरून,” कोणीतरी मागून म्हणालं. “थांबा, मला वाचता येतं,” मी म्हणाले, आणि पुढे गेले. “वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझ्या शेजारच्या टेबलावरील विक्रेत्या महिला सकाळी सातपासून अखंड बोलत असतात. त्यांच्या आवाजामुळे माझी घंटा माझ्याच पॅसेंजरांना ऐकू येत नाही. दोन वेळा गाडी उशिरा सुटली आहे.”

लोक हसायला लागले. मीही हसत होते, पण कागद सोडला नाही.

“तरी मला येथून हलवून गेटपाशी जागा द्यावी, ही विनंती. सदर महिलेला मात्र आहे त्याच जागेवर कायम करावे. तात्पुरत्या माणसाने एवढं बोलणं बरं दिसत नाही.”

‘कायम’पाशी माझा आवाज बसला होता. ते मी कसंबसं वाचलं होतं. बाजाराच्या ताईंनी हात पुढे करून सहीसाठी पेन मागितलं. मधवाल्याने दिलं.

“पुन्हा वाच,” कंडक्टर म्हणाले. “शेवटचं नीट ऐकू नाय आलं. मी आता गेटपाशी बसणार हाय.”

मी पुन्हा वाचलं.